दूरध्वनीवरची बँक : खऱ्या-खोट्याची पारख

धान्याच्या व्यापारात ज्याचे केस पांढरे झाले, त्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. गोणीच्या तोंडाशी दिसणारा दाणा हा त्या गोणीचा पुरावा नव्हे. वरचा थर टपोरा व स्वच्छ असावा, आणि परखी खोलवर घालताच हाती किडका किंवा मातीमिश्रित माल यावा, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा घेतलेला आहे. म्हणूनच विक्रेता कितीही गोड बोलो, मधली वानगी पाहिल्याशिवाय आपण भाव बोलत नाही. आणि वानगी पाहिली म्हणून कोणी प्रामाणिक विक्रेता रुसल्याचेही ऐकिवात नाही.

परंतु तोच जाणता व्यापारी, खिशातील मोबाईल वाजला आणि पलीकडून “मी बँकेतून बोलतो आहे” एवढे शब्द कानी पडले, की परखी विसरतो. आवाज सभ्य आहे, आपले नाव बरोबर घेतले आहे, एवढ्यावर तो सारी गोणी पदरात घेतो. असे का होते, आणि तेथेही वानगी कशी काढावी, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला गल्ल्याचा ठोक व्यापारी आहे. यंत्रविद्येतील अधिकाराचा दावा मी करीत नाही. आमच्या पेढीवर जे घडले, त्यानंतर जे वाचले, विचारले आणि पडताळून पाहिले, ते बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

पेढीवर घडलेला प्रसंग

सोयाबीनच्या आवकेचे दिवस होते. महिन्याचा दुसरा शनिवार असल्याने बँक बंद होती. दुपारी तीनच्या सुमारास पेढीच्या मोबाईलवर फोन आला. मी मंडीत होतो. गादीवर आमचे वृद्ध मुनीमजी एकटेच होते. पलीकडच्या गृहस्थाने पेढीचे नाव, माझे नाव, शाखेचे नाव आणि चालू खात्याचे शेवटचे चार आकडे अचूक सांगितले व म्हटले, “तुमचे केवायसीचे कागद अपूर्ण आहेत. सहा वाजता खाते बंद होईल. सोमवारी शेतकऱ्यांना दिलेले पैसे परत फिरतील.”

हे शेवटचे वाक्य वर्मी लागणारे होते. शेतकऱ्याच्या मालाचे मोल त्याच दिवशी चुकते करावे, हा मंडीचा दंडक. त्यात खंड पडला तर पेढीची अब्रू जाते. मुनीमजींनी ही अब्रू तीस वर्षे सांभाळलेली. ते घाबरले. त्यांनी पेढीच्या कार्डावरील अंक वाचून दाखविले, आणि मागोमाग मोबाईलवर आलेला ओटीपी, म्हणजे एकवार वापरावयाचा सांकेतिक आकडा, तोही सांगितला. पहिल्या खेपेस ४९,००० रुपये गेले. “नोंद झाली नाही, दुसरा आकडा सांगा,” असे म्हणून दुसऱ्या खेपेस ३८,५०० रुपये गेले. एकूण ८७,५०० रुपये.

पैसे गेले, हे दुःख आहेच. परंतु त्याहून मोठे दुःख पुढे आहे. मुनीमजींना पाच वाजताच उमगले होते की आपण फसलो. तरीही त्यांनी मला सोमवारी सकाळपर्यंत काही सांगितले नाही. रविवारची रात्र त्यांनी जागून काढली. सोमवारी ते आले ते पत्नीच्या बांगड्या रुमालात बांधून, आणि म्हणाले, “शेठजी, एवढ्यात भागत नसेल तर बाकी पगारातून कापा.”

मी बांगड्या परत केल्या. पण माझ्या मनाला प्रश्न पडला तो वेगळाच. तीस वर्षांचा माणूस मला चाळीस तास का भ्याला? उत्तर मलाच ठाऊक होते. त्याच्या आदल्या वर्षी रोकडीत पाचशे रुपये कमी निघाले, तेव्हा चार हमाल आणि दोन दलालांदेखत मी त्यांना टाकून बोललो होतो. पुढे ते पाचशे माझ्याच कोटाच्या खिशात सापडले. त्या चाळीस तासांत आमचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेले. तक्रार केल्यावर ११,००० रुपये तेवढे एका खात्यात अडकलेले सापडले. त्या शनिवारी पाच वाजताच कळविले असते, तर कदाचित बरेच वाचले असते. ७६,५०० रुपयांचे ते नुकसान मी मुनीमजींच्या नावे लिहिले नाही. त्यातला मोठा वाटा माझ्या जिभेचा होता.

त्याला आपली माहिती कोठून मिळते?

“त्याने खाते क्रमांक बरोबर सांगितला, म्हणजे तो बँकेचाच असणार,” ही समजूत सर्व फसवणुकीचे मूळ आहे. आपण थोडा विचार करू. आपल्या प्रत्येक बिलाच्या तळाशी बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी छापलेला असतो. तो आपणच शेकडो लोकांना वाटतो. दिलेल्या प्रत्येक धनादेशावर तोच मजकूर असतो. जीएसटीचा क्रमांक घालून पाहिल्यास पेढीचे नाव, पत्ता व नोंदणीचा प्रकार सरकारी संकेतस्थळावर कोणालाही दिसतो. आधारच्या छायाप्रती आपण सिमकार्डाच्या दुकानापासून धर्मशाळेपर्यंत ठेवून आलेलो असतो. शिवाय मोठमोठ्या संस्थांतून माहिती चोरीस जाऊन विकली जाते, ती निराळीच.

तात्पर्य, आपल्याविषयी जे चार लोकांना माहीत असू शकते, ते सांगणारा मनुष्य बँकेचा ठरत नाही. हे गोणीच्या तोंडाशी मांडलेले टपोरे दाणे होत. भाषेचेही तेच. पूर्वी असे फोन परक्या ढंगाच्या हिंदीत येत आणि त्यावरून संशय तरी येई. आज आपल्या पांढुर्णा-सौसरकडची मराठी बोलणाराही भेटतो. मायबोली ऐकून मन सैल पडते. म्हणून तेथे सावधगिरी दुप्पट हवी.

बँक खरोखरच फोन करीत नाही काय?

काही हितचिंतक सांगतात की बँक कधी फोन करीतच नाही. हे अर्धसत्य आहे, आणि व्यापाऱ्याला अर्धसत्यावर चालता येत नाही. बँक फोन करते. मोठ्या रकमेचा धनादेश वटविण्यापूर्वी शाखेतून विचारणा होते. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये व त्यावरील धनादेशांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘पॉझिटिव्ह पे’ ही पद्धत आणली. तीत आपण धनादेशाचा क्रमांक, तारीख, नाव व रक्कम बँकेला आधीच कळवितो. ते कळविले नसेल तर शाखेचा फोन येणे स्वाभाविक आहे. कॅश क्रेडिट खाते असलेल्या पेढीला मालसाठ्याचे विवरण राहिले म्हणून स्मरण देणारा फोन येतो. केवायसीची मुदत भरत आल्याची सूचनाही येते. कर्ज वा विमा विकण्यासाठी तर येतोच येतो.

म्हणून “सर्व फोन खोटे” असा नियम उपयोगी नाही. उपयोगी नियम असा, की खऱ्या फोनला आपल्या गुप्त आकड्यांची गरज नसते. “अमुक क्रमांकाचा, अमुक रकमेचा धनादेश आपण दिला आहे काय?” या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. “विवरण आणून द्या,” “कागद घेऊन शाखेत या,” हे खऱ्या फोनचे बोलणे. “आत्ताच सांगा, येथेच सांगा, फोन ठेवू नका,” हे खोट्याचे.

क्रमांकाची साक्ष किती मानावी?

१७ जानेवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना आदेश दिला, की ग्राहकांना सेवेसंबंधी वा व्यवहारासंबंधी फोन करावयाचे ते १६०० ने आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, आणि जाहिरातीचे फोन १४० ने आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरून. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने व्यापारी बँकांना १६०० मालिकेसाठी १ जानेवारी २०२६ ही मुदत घातली. सहकारी व ग्रामीण बँकांना १ मार्च २०२६. ही व्यवस्था स्वागतार्ह आहे. दहा अंकी साध्या मोबाईलवरून कोणी “मुख्य कार्यालयातून बोलतो” म्हणाला, तर पहिली शंका तेथेच घ्यावी.

तथापि क्रमांक पाहून निकाल देऊ नये. पडद्यावर दिसणारा क्रमांक बनावट दाखविण्याच्या युक्त्या आहेत. फोनवर उमटणारे नावही पुष्कळदा इतर वापरणाऱ्यांनी दिलेले असते. चोर स्वतःच्या क्रमांकाला बँकेचे नाव देववू शकतो. व्हॉट्सॲपवरील बँकेचे बोधचिन्ह तर कोणीही चिकटवू शकतो. उलटपक्षी, आपल्या ओळखीचे शाखाधिकारी कधी स्वतःच्या मोबाईलवरूनही बोलतात. तेव्हा क्रमांक ही एक साक्ष आहे, निकाल नव्हे.

हुंडीच्या जमान्यातील शहाणपण

मग निकाल कशाने लावावा? याचे उत्तर आपल्या वाडवडिलांच्या चोपड्यांत आहे. त्यांच्या काळी दूरध्वनी नव्हता, तरी शेकडो कोस दूरच्या अनोळखी माणसाच्या हाती रक्कम देण्याचा प्रसंग त्यांना रोज येई. त्यासाठी हुंडी होती. हुंडीत रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहून शिवाय ‘इतक्याचे निम्मे इतके, त्याची दुप्पट पुरे’ अशी तिची उलटसुलट पडताळणी लिहीत, की खाडाखोडीस वाव राहू नये. ‘शहाजोग’ हुंडीचे पैसे वाटेवरच्या कोणालाही मिळत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच ते मिळत, म्हणजे घेणाऱ्याची ओळख पटणे हा व्यवहाराचाच भाग होता. हुंडी हरवली तर ‘पैठ’ लिहीत, तीही हरवली तर ‘परपैठ’. आणि हुंडी लिहिणारा आपल्या आडतियास स्वतंत्र पत्राने कळवी, की अमुक हुंडी लिहिली आहे, ती सकारावी.

या शेवटच्या रीतीत सारे मर्म आहे. हुंडी आणणाऱ्याच्या बोलण्यावर हुंडी सकारली जात नसे. निराळ्या मार्गाने आलेल्या बातमीशी ती ताडून पाहत. आजच्या फोनलाही हीच कसोटी लावावयाची. जो मार्ग त्याने आपल्यापर्यंत आणला, त्या मार्गावर त्याची परीक्षा होत नाही. फोन ठेवावा, आणि आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावावा. हा क्रमांक पासबुकावर, कार्डाच्या पाठीवर किंवा शाखेने दिलेल्या कागदावर असतो. फोन करणाऱ्याने दिलेला क्रमांक घेऊ नये. इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तोही घेऊ नये, कारण ‘ग्राहकसेवा’ म्हणून चोरांनी आपलेच क्रमांक तेथे पेरून ठेवलेले आढळले आहेत. बँकेचे संकेतस्थळ पाहावयाचे तर शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असा आहे की नाही ते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या नामाभिधानाकडे वळावयाचे होते.

खरा बँकवाला “मी शाखेत विचारून पाहतो” या शब्दांनी रागावत नाही. जो रागावतो, धमकावतो किंवा फोन ठेवू देत नाही, त्याने आपली ओळख स्वतःच पटवून दिली असे समजावे.

सात खुणा

पुढील सातांपैकी एक जरी खूण दिसली, तरी बोलणे तेथेच थांबवावे.

१. ओटीपी, एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, पासवर्ड किंवा कार्डामागील तीन आकडे मागणे.
२. मोबाईलवर एखादे ॲप उतरवून घ्यावयास वा पाठविलेली ‘एपीके’ फाईल उघडावयास सांगणे. अशा ॲपमुळे आपला पडदा दुसऱ्याला दिसतो, किंवा आपले संदेश परस्पर त्याच्याकडे जातात.
३. पैसे ‘मिळण्यासाठी’ क्यूआर चिन्ह टिपावयास वा पिन घालावयास सांगणे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. येणाऱ्या पैशाला तो लागत नाही.
४. खाते धोक्यात आहे म्हणून रक्कम दुसऱ्या ‘सुरक्षित’ खात्यात हलवावयास सांगणे.
५. तारांकित चिन्हाने आरंभ होणारा आकडा फिरवावयास सांगणे. त्यायोगे आपले फोन दुसरीकडे वळविले जाऊ शकतात.
६. वेळेची घाई : “सायंकाळपर्यंत,” “दहा मिनिटांत.”
७. गुप्ततेची अट : “घरी सांगू नका.”

यांतील शेवटची खूण मी सर्वांत महत्त्वाची मानतो. चार माणसांत जो सौदा बोलता येत नाही, त्यात खोट आहे, हे बाजाराचे जुने सूत्र आहे.

भयाचे मोठे रूप

बँकेच्या नावाने सुरू झालेला फोन आजकाल पोलीस, सीबीआय वा न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचतो. “तुमच्या नावे एक खाते निघाले आहे, त्यातून काळा पैसा फिरला आहे,” असा आरंभ होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियाना येथील वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांना वयाच्या ८२ व्या वर्षी अशाच टोळीने दोन दिवस चलच्चित्र फोनसमोर जखडून ठेवले. एका व्यक्तीने तर सरन्यायाधीश असल्याचे सोंग घेऊन खोटी सुनावणी घेतली. त्यांचे ७ कोटी रुपये गेले. त्यांनी संकोच न करता पोलिसांकडे धाव घेतली, आणि सुमारे सव्वापाच कोटी परत मिळाले. एवढा अनुभवी उद्योगपती फसू शकतो, तर आपले मुनीमजी फसले यात नवल ते काय? आणि एवढा प्रतिष्ठित पुरुष उघडपणे सांगू शकतो, तर आपण लाजावे कशाला?

नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच राज्यात, भोपाळ येथे, एका उद्योजकाला टोळीने घरातच अडकवून ठेवले असता मध्यप्रदेशच्या सायबर पोलिसांनी प्रत्यक्ष त्या खोलीत जाऊन त्यांची सुटका केली. फोनवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. ‘डिजिटल अटक’ हा शब्दच चोरांचा आहे.

फोन नेहमी बँकेच्याच नावाने येतो असेही नाही. कधी तो मालकाच्या नावाने येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये एका संचालकांना अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲप संदेश आला, आणि त्यावर विसंबून एक कोटीहून अधिक रुपये पाठविले गेले. तेव्हा पेढीवर एक नियम असावा : संदेशावरून आलेला पैशाचा हुकूम मालकाच्या तोंडून ऐकल्याखेरीज बजावू नये. मुलगा बाहेरगावी शिकत असेल तर त्याच्या नावाने येणाऱ्या आर्त फोनालाही हाच नियम लावावा.

चूक झालीच तर

चूक झाल्याचे लक्षात येताच १९३० हा क्रमांक फिरवावा. हा राष्ट्रीय सायबर फसवणूक मदतक्रमांक असून, तक्रार नोंदताच पैसे ज्या बँकेत गेले तेथे ते अडवून ठेवण्याची खटपट होते. पैसे पुढे सरकत असतात; म्हणून पहिला तास लाखमोलाचा. त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड व खाते बंद करवावे, व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम लिहून ठेवावी, आणि सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर वा पोलीस ठाण्यात तक्रार पुरी करावी. पैसे गेले नसून केवळ संशयास्पद फोन आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सोयीत तो कळविता येतो. ती मार्च २०२४ पासून सुरू आहे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक तत्त्व घालून दिले. ग्राहकाची वा बँकेची चूक नसता त्रयस्थाच्या दोषाने पैसे गेले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भार नाही. ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडा दिला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. परंतु कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरीही कळविण्याला मोल आहे. आणि एक सावधगिरी : पैसे गेल्यावर काही दिवसांनी “तुमचे पैसे सोडवून देतो, आधी थोडे शुल्क भरा” असा फोन येतो. तो त्याच चोराचा दुसरा फेरा समजावा.

आपले खाते भाड्याने देऊ नये

चोरीचा पैसा ज्या खात्यांतून पळतो, ती खाती पुष्कळदा साध्यासुध्या तरुणांची असतात. “तुझे खाते महिनाभर वापरू दे, दोन-पाच हजार देतो,” या आमिषाला ते बळी पडतात, आणि पुढे पोलिसांच्या दारात उभे राहतात. आपल्या घरातील व पेढीवरील मुलांना हे स्पष्ट बजावले पाहिजे. चोराने आणलेले धन स्वीकारणे, ज्याला आपल्याकडे ‘तदाहृतादान’ म्हणतात, तो अचौर्यव्रताचा अतिचार आहे, हे आपल्या समाजात नव्याने सांगण्याची गरज पडू नये.

उजळणी

घरातील मंडळींनी जेवणानंतर एकत्र बसून पुढील प्रसंगांची उत्तरे द्यावीत.

पहिला : शाखेतून फोन येतो, “आपला दोन लाखांचा धनादेश आला आहे, वटवू का?” उत्तर : “पाच मिनिटांत कळवितो” म्हणून फोन ठेवावा, आणि शाखेच्या माहीत असलेल्या क्रमांकावर आपण बोलावे.

दुसरा : १६०० च्या क्रमांकावरून फोन येतो व ओटीपी मागितला जातो. उत्तर : क्रमांक कोणताही असो, ओटीपी नाही.

तिसरा : घरातील सुनेच्या हातून आकडा सांगितला गेला आहे, आणि ती दाराशी गप्प उभी आहे. उत्तर : प्रथम १९३० फिरवावा. दुसरे, तिला एक शब्दही लागेल असे बोलू नये.

या तिसऱ्या प्रश्नासाठीच खरे पाहता हा लेख लिहिला. चोराजवळ दोन हत्यारे असतात. एक, खाते बंद होईल हे भय. ते तो स्वतः आणतो. दुसरे, घरचे काय म्हणतील हे भय. ते त्याला आपल्या घरात आयते मिळते. पहिल्यावर माहितीचा उपाय आहे, दुसऱ्यावर केवळ आपल्या स्वभावाचा. आमच्या गादीजवळच्या भिंतीवर आता एक पाटी आहे. तिच्यावर शाखेचा क्रमांक आणि १९३० लिहिला असून खाली एक ओळ आहे : “चूक झाली तर आधी सांगा, हिशेब मागून होईल.” ती मुनीमजींच्या हस्ताक्षरात आहे. ते अजूनही आमच्याच पेढीवर आहेत, आणि मोबाईल त्यांच्याच हाती असतो.